बागेतून पाहिलेलं वादळ

सांगली जिल्ह्यातल्या तासगावपासून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये अख्खा सह्याद्री उभा. आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांनी समुद्र पाहिलेलाही नाही. तरी सप्टेंबर संपत आला की सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा अंदमानच्या समुद्राचं उपग्रहचित्र उघडतो आणि मग अरबी समुद्राचं. मी द्राक्षबागांचा सल्लागार आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, पलूस आणि साताऱ्याकडं खटाव या पट्ट्यातल्या बागा बघतो. रोग, खत, संजीवकं हे माझं शिक्षण. वादळांचा माग काढणं हे मात्र या कामानं मला शिकवलं, कारण बागायतदार आता औषधाचं नाव विचारण्याआधी हवामान विचारतो.

या भागाची गंमत अशी की वर्षभर इथं पाण्याची वाट बघायची. पूर्वेकडचा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. टेंभू, म्हैसाळ, ताकारीचं उपसा पाणी यायच्या आधी लोकांनी टँकरनं पाणी आणून बागा जगवल्या आहेत. आणि फळछाटणीनंतरचे चाळीस-पन्नास दिवस मात्र त्याच पावसाची धास्ती. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्टिंग करतात, म्हणजे ते फुटावेत म्हणून औषध लावतात. आठ-दहा दिवसांत डोळे फुगून पोंगा येतो. पुढं पानं उघडतात, घड दिसायला लागतो आणि महिना-सव्वा महिन्यात बाग फुलोऱ्यात येते. पोंग्यापासून मणी धरेपर्यंत पान आणि घड जितके तास ओले राहतील तितकी डाऊनी या बुरशीच्या रोगाला वाट मोकळी. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळ आणि कुज. दोन रात्रींत घडाचा नुसता दांडा उरलेला मी पाहिला आहे. शेजारच्याच बागेत, जिथं छाटणी पंधरा दिवस उशिरा झाली, तिथं त्याच पावसानं पानाला धक्काही लागलेला नसतो. त्यामुळं ‘पाऊस येणार का’ एवढ्यानं आमचं भागत नाही. कुठल्या दिवशी, किती वाजता आणि थांबणार कधी, हे लागतं.

टीव्हीवर वादळाची बातमी येते तेव्हा नकाशावर एक रेषा असते आणि तिच्याभोवती पुढं पुढं रुंद होत जाणारा पट्टा. लोक रेषा बघतात. मी सांगतो, पट्टा बघा. भारतीय हवामान विभागाचा मागोवा गेल्या वीस वर्षांत फार सुधारला आहे. तरीही चोवीस तासांच्या अंदाजात वादळाच्या केंद्राची जागा सरासरी ऐंशी किलोमीटरच्या आसपास इकडंतिकडं होते आणि तीन दिवसांच्या अंदाजात दीडशेच्या आसपास. सातारा ते सांगली सरळ अंतर एकशे दहा किलोमीटर. म्हणजे तीन दिवस आधी काढलेली रेषा सांगलीवरून जात असेल तर वादळ साताऱ्याच्याही पलीकडून जाऊ शकतं, आणि तरी अंदाज चांगलाच म्हणायचा. किनाऱ्यावरच्या जिल्हाधिकाऱ्याला माणसं हलवायला एवढी अचूकता पुरते. द्राक्षवाल्याला पुरत नाही, कारण त्याचं शिवार दोन एकरांचं असतं. हे दुखणं अंदाज करणाऱ्यांचं नव्हे. हवेचा स्वभावच तसा आहे, आणि हे बागायतदाराला आधीच उघड सांगावं असं माझं ठाम मत आहे. ज्याला अंदाजाची रुंदी सांगितली त्यानं पाऊस हुकल्यावर कधी शिवी दिली नाही.

वादळ आपल्या मर्जीनं वाट काढत नाही. जमिनीपासून काही किलोमीटर उंचीवर जे मोठे वारे वाहतात ते त्याला नेतात. पाटाच्या पाण्यात पडलेलं पान पाण्याबरोबर जातं, कुठं भोवऱ्यात अडकून थांबतं, कुठं वळणावर काठाला लागतं, तसं. ऑक्टोबरात हे वरचे वारे बदलत असतात. मोसमी पाऊस माघारी निघालेला असतो आणि उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचे पट्टे खाली सरकू लागतात. अशा वेळी अरबी समुद्रातलं वादळ ओमानकडं जाईल, गुजरातकडं वळेल, की आहे तिथंच दोन दिवस घुटमळेल, हे वेगवेगळ्या संगणकी प्रारूपांत वेगवेगळं दिसतं. अमेरिकी प्रारूप एक म्हणतं, युरोपीय दुसरं. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर चाललेली ही गणितं दुपारपर्यंत हाती येतात. दोन्ही एकाच वाटेवर आली की माझा आवाज जरा ठाम होतो. नसतील तर मी नकाशा कुणाला पाठवत नाही. नकाशा पाठवला की माणूस त्यातलं आपल्याला हवं ते बघतो.

२०२०च्या ऑक्टोबरातली गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण त्या वेळी वादळ खरोखर आमच्या दारावरून गेलं. कोविडमुळं शिवारफेऱ्या आणि बैठका बंद होत्या. सगळा कारभार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर. अधिक महिना संपत आला होता, घटस्थापना १७ तारखेला. नवरात्राच्या आधी छाटणी उरकून घ्यायची म्हणून मजुरांच्या टोळ्या जोरात होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटलेल्या बागा फुलोऱ्यात होत्या. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होत गेलं आणि १३ ऑक्टोबरच्या सकाळी आंध्रात काकीनाड्याजवळ ते किनाऱ्यावर चढलं. अतितीव्र कमी दाबाचा पट्टा, वारा ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. चक्रीवादळ म्हणायला ताशी बासष्टच्या वर टिकलेला वारा लागतो. ती पायरी त्यानं गाठली नाही, म्हणून त्याला नाव मिळालं नाही. नाव नाही म्हणून बातम्यांत जोर नाही.

हवामान विभागानं मात्र मध्य महाराष्ट्राला अतिवृष्टीचा इशारा दिला होता आणि तो मी शब्दशः वाचून दाखवला. कवठेमहांकाळकडच्या एका आण्णांनी लगेच फोन केला.

“सर, वादळ तिकडं आंध्रात हाय आणि तुम्ही हितं चर काढायला लावताय.”

“आण्णा, ते चालत येतंय इकडं.”

“जमिनीवर आल्यावर मरतंय की ते.”

“मरतं. पण वाट ओली असली तर लवकर मरत नाही.”

आण्णांचं म्हणणं चूक नव्हतं. समुद्रावरची वाफ तुटली की अशा प्रणाली दोन दिवसांत विरतात. पण त्या वर्षी पाऊसकाळ मोठा झाला होता. तेलंगणापासून सोलापूरपर्यंत रानं भिजून होती, आणि भिजलेली जमीनही थोडी वाफ पुरवत राहते. काकीनाड्यापासून सांगली आठशे किलोमीटर. १३ तारखेला रात्री हैदराबाद पाण्याखाली गेलं तेव्हा आमच्याकडच्या लोकांना पटलं की हे येतंय.

मग खरा प्रश्न आला. “किती वाजता पोचतंय?” प्रणाली ताशी वीसेक किलोमीटरनं सरकत होती. आधीच्या दोन बुलेटिनमधलं केंद्राचं ठिकाण घ्यायचं, अंतर मोजायचं, तासांनी भागायचं, हा हिशोब शाळेतल्या मुलाला येईल. पण पाऊस केंद्राबरोबर येत नाही. पश्चिमेकडं सरकणाऱ्या अशा कमी दाबात मोठा पाऊस बहुतेक वेळा केंद्राच्या नैऋत्येला असतो. केंद्र सोलापुराजवळ येईल तेव्हा नैऋत्येला कोण? आम्हीच. म्हणून केंद्राच्या आधी काही तास पाऊस धरायचा. मी निरोप दिला की बुधवारी दुपारपर्यंत फवारणीला वेळ आहे, त्यानंतर ट्रॅक्टर बागेत घालता येईल याचा भरवसा धरू नका. फुलोऱ्यातल्या बागांत आंतरप्रवाही औषध बुधवारी सकाळीच घ्या. छाटणी झालेल्यांनी पेस्टिंग थांबवा, कारण लावल्यावर काही तास कोरडे मिळाले नाहीत तर पैसे धुऊन जातात. बागेच्या उताराला चर मोकळे करा. पाऊस पडेल हे जवळजवळ नक्की, किती पडेल ते मला सांगता येणार नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा उच्चारलं होतं.

काळ्या रानात फवारणीचा सगळा खेळ ट्रॅक्टरचा. एकदा जमीन गाळ झाली की ब्लोअर तीन-चार दिवस आत जात नाही, आणि डाऊनीला तेवढे पुरतात. मग उरतं ते मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची भुकटी ओल्या पानांवर धुरळणं. तोंडाला फडकी बांधून पावसाच्या उघडिपीत बायामाणसं ते काम करतात. त्या दिवसांत फडकी कोविडमुळं आधीच तोंडाला होती.

बुधवारी १४ तारखेला मी मिरजेच्या पूर्वेला एका बागेत होतो. तिथल्या तरुण बागायतदाराला मी एक जुनी युक्ती दाखवली. एकोणिसाव्या शतकातला डच हवामानतज्ज्ञ बाईज बॅलट याच्या नावानं ती ओळखली जाते. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. दुपारी वारा उत्तरेकडून येत होता. पाठ उत्तरेला, तोंड दक्षिणेला, डावा हात पूर्वेला. केंद्र सोलापूरच्या बाजूला, बरोबर. पावसाच्या झडीनं आणि टेकड्यांनी वारा फसवतो, म्हणून एका झुळकीवर जायचं नाही, तासभर बघायचं. संध्याकाळपर्यंत वारा पश्चिमेकडून यायला लागला, म्हणजे केंद्र आमच्या उत्तरेला आलं. रात्री उशिरा त्या पोरानं फोन करून सांगितलं, “दादा, आता नैऋत्येकडनं वाजतंय. गेलं का हो ते पुढं?” गेलं होतं. हातात नकाशा नसताना, वीज गेलेल्या घराच्या ओसरीत उभं राहून त्यानं वादळाची वाट ओळखली होती. माझ्या कामातले जे क्षण मला मोलाचे वाटतात त्यांत हा आहे.

त्याच १४ तारखेला पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा माणसं गेली. द्राक्षाचं नुकसान बोलताना ते विसरता येत नाही. १५ तारखेला पट्टा विरत सह्याद्री ओलांडून गेला आणि अरबी समुद्रावर पोचल्यावर १७ तारखेला पुन्हा तीव्र झाला. एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात, मध्ये अख्खं दख्खन तुडवून. पुढं तो आमच्यापासून लांब गेला आणि इकडं आम्ही बागा मोजत बसलो. फुलोऱ्यातल्या बागांत गळ झाली. आधी फवारणी झालेल्या ठिकाणी ती कमी होती, पण शून्य नव्हती. नुकत्याच छाटलेल्या बागा सुखरूप राहिल्या.

त्या दिवसांपासून मला एक गोष्ट पक्की वाटते. वादळाची प्रतवारी वाऱ्यावर ठरते आणि आमचं नुकसान पाण्यावर. नाव, रंग, श्रेणी हे सगळं वाऱ्याच्या मापानं. समुद्रात होडी घेऊन गेलेल्या कोळ्याला तेच माप हवं, यात वाद नाही. पण सह्याद्रीच्या अलीकडं राहणाऱ्यांनी नावाची वाट बघू नये.

आदल्याच वर्षीचं ‘क्यार’ घ्या. २०१९च्या ऑक्टोबरात ते रत्नागिरीसमोर तयार झालं. सुरुवातीला किनाऱ्याकडं सरकलं आणि मग वरच्या वाऱ्यांनी त्याला पाठमोरं करून पश्चिमेकडं नेलं. २७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळ झालं. ताशी दोनशे चाळीस किलोमीटरच्या आसपास वारा, अरबी समुद्रात २००७च्या ‘गोनू’नंतरचं पहिलं. टीव्हीवर सांगत होते की ते भारतापासून दूर जात आहे, आणि ते खरंच होतं. दूर जाणाऱ्या वादळाचे ढग आणि मागं राहिलेली दमट हवा यांची मात्र कुणी बातमी केली नाही. पाठोपाठ ‘महा’ उठलं, दोन्ही वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात. आमच्याकडं दिवाळीभर आभाळ फाटल्यागत राहिलं. फराळाचं ताट पुढं घेऊन बागायतदार फोनवर मला पानाच्या मागचा पांढरा थर दाखवत होते. वारा कुणाच्या बागेत नव्हता. ओलावा होता, आठवडाभर.

आणि २०२१च्या डिसेंबरची पहिली आणि दुसरी तारीख. त्याला तर वादळ कुणी म्हटलंच नाही. अरबी समुद्रात साधा कमी दाब आणि उत्तरेकडून उतरलेला पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा, दोघांची गाठ पडली. पाऊस आणि त्यात कडाक्याची थंडी. पुण्या-नगरकडं मेंढपाळांच्या मेंढ्या मोठ्या संख्येनं मेल्या. आमच्याकडं आगाप बागांत साखर भरत आलेले मणी तडकले, मागास बागा फुलोऱ्यात सापडल्या. ज्या घरांत पोरीच्या लग्नाचा हिशोब त्या घडांवर मांडलेला होता, तिथं बोलायला गेल्यावर काय बोलायचं हे मला कुठल्या विद्यापीठानं शिकवलं नव्हतं.

कधी कधी लोक विचारतात, मग या अंदाजाचा उपयोग काय? छाटणीची तारीख ठरवायला तर तो उपयोगाचा नाही. आज छाटलं तर पोंगा दहा दिवसांनी, फुलोरा पस्तीस दिवसांनी. पस्तीस दिवसांनंतरचं वादळ कुणाला दिसत नाही, आणि दिसतं असं सांगणारे जे मोबाइलवर फिरतात त्यांच्यापासून दूर राहा असं मी स्पष्ट सांगतो. अंदाजाचा उपयोग शेवटच्या तीन दिवसांत. फवारणी आधी की नंतर, पेस्टिंग आज की चार दिवसांनी, मजुरांची टोळी बोलवायची की थांबवायची, बेदाण्याच्या शेडचे पडदे कधी सोडायचे. लहान लहान निर्णय आहेत, पण वर्ष त्यांच्यावर उभं असतं. छाटणीच्या बाबतीत मी एवढंच सांगतो की बाग एका तारखेला छाटू नका. तीन तुकडे करा, दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवा. मजूर, बाजार, पाणी यांमुळं सगळ्यांना ते जमत नाही, हेही मला कळतं.

साताऱ्याकडच्या माझ्या मित्रांची वादळं वेगळ्या महिन्यांत येतात. बंगालच्या उपसागरावर जुलै-ऑगस्टात कमी दाब तयार झाला की अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात आणि घाटावर पाऊस कोसळतो. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडींखाली माणसं गेली. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. त्यातून किती सोडायचं हे ठरवणारा माणूसही तोच कमी दाब बघत असतो जो मी बघतो. फरक एवढाच की त्याच्या आकड्याखाली सांगलीची आयर्विन पुलावरची पातळी असते. तिथं ४५ फुटांना धोका पातळी, आणि २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ओडिशाजवळ उठलेल्या ढगांची किंमत सांगलीच्या गावभागात मोजली जाते. पूर्वेकडच्या समुद्रावर नजर ठेवायची सवय आमच्या दोन्ही जिल्ह्यांनी अंगी बाणवली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता साधनं पुष्कळ आहेत. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक उभी आहेत, कृषी हवामान सल्ल्याची पत्रकं दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, गोव्याचं रडार मोबाइलवर दिसतं. बऱ्याच बागांत पानाची ओल मोजणारं यंत्रही बसलं आहे. मला सगळ्यांत जास्त शिकवतात त्या मात्र लोकांच्या वह्या. खटाव तालुक्यातले एक तात्या डाव्या पानावर अंदाज लिहितात, उजव्या पानावर स्वतःच्या पर्जन्यमापकातला आकडा आणि पाऊस सुरू झाल्याची वेळ. वर्षानुवर्षं, खाडाखोड न करता. गेल्या हंगामात त्यांनी ती वही मला दोन दिवसांसाठी दिली. पूर्वेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या वेळी त्यांच्या रानात पाऊस बहुतेकदा सांगितल्यापेक्षा आधी लागतो, पश्चिमेकडून आल्यावर उशिरा, आणि गावाच्या पश्चिमेला असलेल्या डोंगराची रांग त्यांनी त्याच पानावर पेन्सिलनं काढून ठेवली आहे. मी त्या पानांचे फोटो काढून घेतले. या वर्षी त्यांच्या भागाचा निरोप देताना वेळ त्या वहीप्रमाणं मागंपुढं करणार आहे, आणि तात्यांना तसं सांगितलं आहे. ते म्हणाले, “लिहून ठेवतो. बघू काय होतंय.”